काकाजींच्या कोठ्यात मांडूळ आहे. फोन करू का?

आउटर_रिंगरोड · सोमवार, रात्री ११.४२

मंडळी, प्रश्न घरचा आहे म्हणून नवा आयडी काढला. कोणी ओळखलंत तरी ओळख दाखवू नका.

सौ.चे सख्खे काका, आम्ही काकाजी म्हणतो, उमरेडच्या पुढे राहतात. सहा एकर कोरडवाहू. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे तेरवीला गेलो होतो. जेवण झाल्यावर हात धुवायला मागे गेलो, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून कोठ्यात नेलं. कुटाराच्या ढिगामागे निळा प्लास्टिकचा ड्रम, वर जाळी, जाळीवर दगड. आत ओली रेती आणि रेतीत अर्धवट बुडलेलं मांडूळ.

"जवाईबापू, दोन किलो तीनशे," काकाजी म्हणाले. नातवाचं वजन सांगावं तशा आवाजात.

हिशोब असा की अडीच किलो भरलं की 'पार्टी' उचलते. पार्टी हैदराबादची. भाव कोटीत. काकाजींनी ते साठ हजाराला घेतलंय, त्यातले चाळीस पीककर्जातले. दोनशे ग्रॅम कमी पडतात म्हणून रोज उंदीर पकडून घालताहेत. मला दाखवायचं कारण, हैदराबादवाला आता फोन उचलत नाही आणि मी नागपुरात 'मोठ्या लोकांत' बसतो. दुसरी पार्टी पाहून दिली तर दहा टक्के माझे.

मी काही बोललो नाही. पानसुपारी घेऊन निघालो. तेव्हापासून झोप नाही. वनविभागाला फोन केला तर बायकोचं माहेर तुटतं, नाही केला तर मीही त्यात आलोच. काय करू? आणि एक साधी शंका: या सापाचं खरंच कोणी काही करतं का? शेवटी घेतं कोण?

तर्री_मारके · सोमवार, रात्री ११.५८

कोटीचा साप घरात अन् त्याले खायाले उंदीर. माह्या घरी उंदीर आहेत भाऊ, किलोच्या भावानं देतो. पार्टी माहीच समजा.

बिळातला_पाहुणा · मंगळवार, सकाळी ७.१०

मी वीसेक वर्षं साप पकडतोय, बेसा-हुडकेश्वरकडचे कॉल जास्त असतात. तुमच्या शंकेचं उत्तर: शेवटी कोणीच घेत नाही.

मांडूळ बिनविषारी, सुस्त, जमिनीत राहणारा साप. शेपूट तोंडासारखं बोथट, म्हणून 'दुतोंड्या' नाव पडलं. शत्रूनं शेपटीवर हल्ला करावा आणि डोकं वाचावं एवढंच त्याचं प्रयोजन. 'सहा महिने या तोंडानं चालतो, सहा महिने त्या तोंडानं' हे गारुड्यांनी चालवलेलं. काही गारुडी तर शेपटीला डाग देऊन डोळ्यांसारख्या खुणा काढतात. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. मुख्य खाणं उंदीर-घुशी. म्हणजे काकाजींनी ते मोकळं सोडलं असतं तर उंदीर त्यानंच पकडले असते, यांना पकडावे लागले नसते.

आता वजन. दोन किलो तीनशेचं मांडूळ मी आजवर पाहिलेलं नाही. हाताळलेली सगळी त्याच्या खूप खाली होती. एक तर काटा खोटा आहे, नाही तर पोटात काहीतरी घातलंय. वजन वाढवायला लोखंडी छर्रे, बेअरिंगच्या गोळ्या गिळायला लावतात. साप मरतो, पण मरेपर्यंत दोन-तीन हात बदललेला असतो. त्याला चालता येतंय का पाहिलंत? पोट कडक लागलं का?

आउटर_रिंगरोड · मंगळवार, सकाळी ९.३०

हात लावला नाही. हललं मात्र नाही, हे खरं.

निवृत्त_वनपाल · मंगळवार, दुपारी १.०५

नोकरीत असताना अशी प्रकरणं पुष्कळ हाताळली, म्हणून लिहितो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मांडूळ बाळगणं, विकणं, विकत घेणं तिन्ही गुन्हे आहेत. असा प्राणी सरकारी मालमत्ता धरला जातो आणि ज्याच्या ताब्यात येईल त्यानं ४८ तासांत वनाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवायचं असतं. काकाजींचे ४८ तास कधीच उलटलेत. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांसाठी शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७. स्वतःहून आणून दिलं म्हणून गुन्हा पुसला जात नाही, पण धाडीत सापडणं आणि स्वतः येणं यातला फरक कागदावर दिसतो. याहून जास्त शब्द मी देऊ शकत नाही. वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे.

'पार्टी'बद्दल पाहुण्यांशी सहमत. वाघाची गोष्ट वेगळी. वाघाच्या हाडांना देशाबाहेर खरं गिऱ्हाईक आहे. चीननं १९९३ साली त्या व्यापारावर बंदी घातली तरी मागणी मेली नाही. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. २०१३ मध्ये आपल्या मेळघाटातल्या शिकारी उघडकीस आल्या, तेव्हा धागे थेट नागपूरपर्यंत आले होते. खवल्या मांजराचंही तसंच. त्याचे खवले म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ, केराटिन, पण औषध म्हणून परदेशात जातात.

मांडुळाला असं गिऱ्हाईकच नाही. प्रत्येक जण पुढच्याला विकायला घेतो. रघूनं नामूला, नामूनं शामूला. साखळीत जो शेवटी अडकतो त्याच्या घरी आम्ही पोहोचतो. आमच्या वेळी मोबाइलमध्ये एकच व्हिडिओ सापडायचा: साप, शेजारी वजनकाटा आणि त्या दिवसाचा पेपर. एकाच सापाचा व्हिडिओ चार तालुक्यांत चार मालकांकडे.

तर्री_मारके · मंगळवार, दुपारी १.२०

म्हणजे राईस पुलरसारखंच नं? तांदूळ ओढणारा तांब्याचा गडू. माह्या मोठ्या साळ्यानं त्याच्यात प्लॉट घातला. गडू आजही घरी आहे, पाणी प्यायले चांगला आहे.

ओंकार_बोस्टन · मंगळवार, दुपारी २.४४

वाचून वाईट वाटलं. मूळ प्रश्न ग्रामीण भागातल्या शिक्षणाचा आहे. जोपर्यंत खेड्यातल्या लोकांना वन्यजीवांचं महत्त्व पटत नाही तोपर्यंत कायदे करून उपयोग नाही.

चिमणीची_आई · मंगळवार, दुपारी ३.१५

ओंकार, मी धरमपेठेत वाढले, एमएस्सी आहे. माझ्या सासरी तिजोरीत लाल कपड्यात, शेंदरात 'हत्था जोडी' होती. एका पूजासाहित्याच्या दुकानातून घेतलेली, दुकानदार म्हणाला होता दुर्मिळ वनस्पतीचं मूळ आहे. अकरा वर्षं दर लक्ष्मीपूजनाला मी स्वतः तिला हळदकुंकू वाहिलं. मग एकदा कळलं की ते मूळबीळ काही नाही, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे.

सासूबाईंना कसं सांगायचं यावर मी आणि नवरा आठवडाभर खलबतं करत होतो. शेवटी सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आणि मी रोज नमस्कार करत होते गं!" आमच्या घरात चार पदवीधर आहेत. तेव्हा खेड्यातल्या शिक्षणाचं नंतर बघू.

तर्री_मारके · मंगळवार, दुपारी ३.१७

सासूबाईंले माह्याकडून साष्टांग. घोरपडीले नाही.

फुटाळ्याचा_वारा · मंगळवार, दुपारी ४.००

चिमणीची आई, धाडस केलंत लिहायचं. मग माझंही ऐका. लहानपणी आमच्या महाल भागातल्या वाड्यात पिंजऱ्यात राघू होता. मिठू मिठू करायचा, आजोबांच्या हातून मिरची खायचा. आपल्याकडचे पोपट पाळणं बेकायदेशीर आहे हे मला चाळिशीत कळलं. आजही अर्ध्या मोहल्ल्यात पिंजरे टांगलेले आहेत आणि मालकांना आपण लोभी आहोत असं स्वप्नातही वाटत नाही. त्यांच्या लेखी ते प्रेम आहे. ढोलीतून काढलेल्या पिल्लांपैकी बाजारापर्यंत किती जगतात हा प्रश्न आजोबांनाही पडला नाही, मलाही नाही.

साडेसात_एकर · मंगळवार, रात्री ८.३०

मी काटोलकडचा. सगळे लोभ लोभ करून राहिले म्हणून थोडं आमचं ऐका.

रानडुकरं एका रात्रीत अर्धा एकर चणा खणून टाकतात. पंचनामा व्हायले दिवस जातात, पैसे यायले त्याहून जास्त. मग कोणी तरी धुऱ्यावर तार टाकतो, लाइनवर आकडा घालतो. डुकरासाठी टाकलेल्या तारेत कधी वाघ मरतो. 'जय' वाघाचा पोरगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे असाच गेला. तार टाकणारा गुन्हेगार आहे, मी नाही म्हणत नाही. कधी त्या तारेत त्याचाच गडी मरतो. पण त्याले अन् वाघाची हाडं विकणाऱ्याले एका तागडीत घालू नका. एकाले जास्त पाहिजे, एकाले आहे तेवढं वाचवायचं आहे.

अन् काकाजींचं म्हणाल तं साठ हजार, त्यात चाळीस कर्जाचे. मले लोभापेक्षा घाबरलेला माणूस दिसते.

कोर्टाची_पायरी · मंगळवार, रात्री ९.१२

एकर साहेबांच्या शेवटच्या ओळीशी सहमत. अशा प्रकरणात आरोपीच्या बाजूनं उभी राहते, म्हणून दोन गोष्टी.

एक, अटक होते ती ड्रम ज्याच्या कोठ्यात आहे त्याला. साठ हजार घेणारा 'ओळखीचा' सिम कार्ड बदलून मोकळा होतो. म्हणून 'आउटर' यांनी फोन करताना विकणाऱ्याचा नंबर, पैसे दिल्याचा पुरावा, व्हिडिओ सगळं द्यावं. नाही तर कारवाई काकाजींवरच थांबेल.

दोन, वर मेळघाटाचा उल्लेख आला. अशा चर्चेत पुढे हमखास पारधी, बहेलिया ही नावं येतात आणि अख्खी जमात आरोपी होते. फासेपारध्यांना इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून निघाला, डोक्यातून निघाला नाही. जंगलाच्या खाणाखुणा वाचण्यात ज्यांचा हात कोणी धरू शकत नाही अशी माणसं त्यांच्यात आहेत. फासा त्यांचा असेल, ऑर्डर कोणाची असते?

निवृत्त_वनपाल · मंगळवार, रात्री ९.४०

ताई, मी जातीचं नाव घेतलं नव्हतं. पण मुद्दा मान्य. ऑर्डर देणाऱ्यापर्यंत आम्ही फार कमी वेळा पोहोचलो, हे मला आजही टोचतं.

ओंकार_बोस्टन · मंगळवार, रात्री १०.०५

चिमणीची आई, माझं चुकलं. पण आशादायक बाजूही आहे ना? देशात २००६ मध्ये १४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ३६८२. महाराष्ट्रात २०१४ ला १९०, २०२२ ला ४४४. मागच्या डिसेंबरात मी मुलांना घेऊन आलो होतो, ताडोब्यात तीन सफारी, पाच वाघ दिसले!

फुटाळ्याचा_वारा · मंगळवार, रात्री १०.२०

पाच दिसले हे आनंदाचं आहे. पण सफारीचं नाव निघालंच आहे तर, २०२५ उजाडता उजाडता आपल्याच उमरेड-करांडल्यात काय झालं होतं आठवा. वाघीण आणि तिचे बछडे रस्ता ओलांडत होते, दोन्हीकडून जिप्सी लागल्या, मायलेकरं मधे कोंडली. व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सींमध्ये कोणी शिकारी नव्हता. सगळे पैसे मोजून आलेले 'निसर्गप्रेमी'.

मी त्या दिवशी नव्हतो. पण दहा वर्षांपूर्वी त्याच जंगलात जयसाठी ड्रायव्हरला पाचशेची नोट जास्त देऊन 'गाडी थोडी आत घे ना' म्हणणारा मीच होतो. फोटो मिळाला. हॉलमध्ये आहे. २०१६ मध्ये जय दिसेनासा झाला, गळ्यात कॉलर असून त्याचं काय झालं ते कळलं नाही. त्या फोटोकडे आता नीट बघवत नाही.

आडनाव_नाही · मंगळवार, रात्री १०.५०

सगळ्याच गोष्टी लोभावर ढकलू नका. गिधाडं कशानं गेली? डायक्लोफिनॅक. दुखणाऱ्या बैलाला स्वस्तात आराम मिळावा म्हणून दिलेलं औषध. जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, त्यांच्या किडन्या गेल्या. काही जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोवर आपल्या आकाशातून ती दिसेनाशी झाली होती. यात कोणाचा लोभ होता? नुसतं अज्ञान. आता हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यात आणलीत.

कोर्टाची_पायरी · मंगळवार, रात्री ११.०२

बंदीपर्यंत अज्ञान. बंदीनंतर माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार लहान करावा लागला. त्याला काय म्हणाल?

आडनाव_नाही · मंगळवार, रात्री ११.०४

कंजुषी. 😀

तर्री_मारके · मंगळवार, रात्री ११.०९

बाप्पा, साप ड्रममधी राह्यला अन् तुम्ही आकाशात गिधाडं पाहून राहिले.

साडेसात_एकर · बुधवार, सकाळी ६.१५

वाघ वाढले हे खरं, पण राहायची जागा तेवढीच आहे. मधल्या पट्ट्यात रस्ते, खाणी, रेल्वे. २०१८ मध्ये बल्लारशा-गोंदिया लाइनवर एकाच वेळी तीन बछडे गाडीखाली आले. पेंचमधून जाणाऱ्या हायवेखाली प्राण्यांसाठी भुयारी मार्ग केले, वाघ त्यातून जातात, फोटो आहेत. म्हणजे करायचं म्हटलं तर होते. तेही कोर्टकचेरी झाल्यावर झालं, आपसूक नाही. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायले पहाटे जाणाऱ्या बाया अन् वाघ एकाच वाटेवर येतात, तिथं भुयारी मार्ग कोण बांधणार?

संपादक_मंडळ · बुधवार, सकाळी १०.००

चर्चा उत्तम चालू आहे, पण धागाकर्त्याचा प्रश्न तातडीचा आहे. रस्ते आणि खाणींसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. कोणाचंही गाव, नंबर इथे टाकू नये.

बिळातला_पाहुणा · बुधवार, सकाळी १०.४०

आउटर, आहात का? पोटात धातू असेल तर एकेक दिवस मोलाचा आहे. काकाजींना एवढंच सांगा की ते मांडूळ मरणार आहे. आणि दया म्हणून बांधावर नेऊन सोडायला सांगू नका. तेही कायद्यात बसत नाही आणि तशा अवस्थेत ते जगणारही नाही.

आउटर_रिंगरोड · शुक्रवार, रात्री १२.३५

सगळं वाचत होतो, लिहायचं धाडस नव्हतं. आज झालं ते सांगतो.

बुधवारी रात्री सौ.ला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "काकाजींनी माझ्या लग्नात अर्धा एकर गहाण टाकला होता, ते पैसे अजून फिटले नसतील." हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. मग म्हणाली, फोन तू नको करू, मी करते. गुरुवारी पहाटे आधी तिनं काकाजींना लावला. काय बोलली ते मला ऐकू दिलं नाही, गच्चीवर जाऊन बोलली. खाली आल्यावर म्हणाली, "ते स्वतः देतो म्हणतात. तू सोबत चल म्हणतात."

कोर्टाच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे विकणाऱ्याचा नंबर, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, व्हिडिओ सगळं काढून घेतलं. १९२६ ला फोन लावून काकाजींनी स्वतःचं नाव सांगितलं. दोघं गार्ड आणि एक मॅडम आल्या. कोठ्यात कोणी आरडाओरडा केला नाही. मॅडमनी ड्रम उघडला, सापाच्या पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काका, याच्या पोटात गोट्या आहेत." काकाजी म्हणाले, मी नाही घातल्या. मॅडम म्हणाल्या, "माहीत आहे."

बयान झालं, सह्या झाल्या. पुढे काय होईल माहीत नाही, वकील पाहतोय. साप सेमिनरी हिल्सच्या उपचार केंद्रात आणला. ओळखीनं एवढं कळलं की एक्स-रेत बेअरिंगच्या गोळ्या दिसल्या. मोजल्या तेवढ्या एकोणीस. काही निघतील म्हणाले, सगळ्या निघतील की नाही सांगता येत नाही. अजून जिवंत आहे.

चिमणीची_आई · शुक्रवार, सकाळी ७.०२

तुमच्या सौ.ला माझा नमस्कार सांगा. हळदकुंकवासकट.

बिळातला_पाहुणा · शुक्रवार, सकाळी ७.३०

एकोणीस. बरं झालं लवकर नेलंत. सौ.चं तर खरंच कौतुक. मी दुपारी केंद्रात जाऊन येतो.

निवृत्त_वनपाल · शुक्रवार, सकाळी ८.१५

त्या नंबरचा पाठपुरावा करा. दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारा. विचारणारा असला की फाइल वर राहते.

तर्री_मारके · शुक्रवार, सकाळी ८.४०

आज विनोद नाही. काकाजींचं पीककर्ज भरायचं असन तं एक धागा काढा, मी पहिला.

आउटर_रिंगरोड · शुक्रवार, रात्री ९.५०

तर्री, बायकोला वाचून दाखवलं. काकाजी घेणार नाहीत, पण पोहोचलं.

पाहुणे, तुम्ही जाऊन आलात का? इकडे संध्याकाळी काकाजींचा फोन आला होता. कसा आहे म्हणून सापाची चौकशी केली. आहे म्हटलं. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं लाइन कटली. तेवढ्यात हळूच म्हणाले, "जवाईबापू, गोळ्या वजा केल्या तं किती भरलं?"

बिळातला_पाहुणा · शुक्रवार, रात्री १०.१०

आलो जाऊन. आठ गोळ्या निघाल्यात, अकरा आत आहेत. वजन मी विचारलं नाही.